निरोपाचं पुस्तक

हॉस्पिटलच्या तळघरातल्या लाँड्रीची प्रमुख असलेल्या बाईला सगळे ताई म्हणत. अधीक्षकसुद्धा ताईच म्हणत, आणि ते तिच्याहून चार वर्षांनी मोठे होते. सव्वीस वर्षं तिनं त्या तळघरात काढली होती. धुलाईची सहा यंत्रं, वाळवणीची दोन, एक लांबलचक रोलर इस्त्री आणि अकरा माणसं, एवढा तिचा पसारा. मळकी चादर हातात घेतली की ती कुठल्या वॉर्डातून आली हे ताई वासावरून सांगायची आणि सहसा चुकायची नाही.

रोलर इस्त्री उस्ताद चालवायचा. त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं होतं. बोलायला शिकायच्या आतच तापात त्याचे दोन्ही कान गेले, त्यामुळे बोलणं हातांनी आणि खिशातल्या छोट्या वहीत लिहून. लाँड्रीतल्या सगळ्यांनाच ती हातांची भाषा येत होती, कारण यंत्रं सुरू झाली की तिथं कुणालाच काही ऐकू येत नसे. "इथं सगळेच बहिरे," उस्ताद हातांनी सांगायचा. "फरक इतकाच, की मी घरी गेल्यावरही राहतो." आणि स्वतःच मोठ्यांदा हसायचा. त्याच्या हातून निघालेल्या चादरीवर सुरकुती शोधून दाखवा अशी त्याची पैज असायची, आणि ती कुणी जिंकल्याचं ताईला आठवत नव्हतं.

एका मंगळवारी दुपारी बाकीचे सगळे जेवायला वर गेले होते. खाली एकटा उस्ताद होता. त्याच वेळी शस्त्रक्रिया विभागातून फोन आला: निर्जंतुक करायच्या चादरी कमी पडल्या आहेत, ताबडतोब पाठवा. फोन वाजला, थांबला, परत वाजला. फोनकडे पाठ करून, पंधरा पावलांवर उस्ताद मन लावून चादरी रोलरमध्ये सोडत होता. तिकडे ऑपरेशनसाठी आणलेली एक बाई चाळीस मिनिटं दाराबाहेर पडून राहिली. तिचं पुढं सगळं नीट झालं, पण सर्जनच्या आवाजानं सगळा मजला हादरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अधीक्षकांनी ताईला बोलावून घेतलं.

"ताई, त्याला यापुढं एकट्याला ठेवायचं नाही. मी तर म्हणतो, रोलरवरूनच काढा. मागच्या आवारात मळक्या गाठोड्यांची विभागणी करू दे."

"साहेब, रोलरवर त्याच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही."

"हात आहे हो. कान नाहीये ना. उद्या परत फोन वाजला तर?"

"मग चूक फोनची आहे," ताई म्हणाली.

अधीक्षकांनी चष्मा काढला. माणूस म्हणून ते वाईट नव्हते, फक्त काल दिवसभर त्यांनी बोलणी खाल्ली होती. "हे बघा, मी काही त्याला निरोप द्या असं म्हणत नाही."

"पण मी म्हणतेय. त्याला निरोपच द्यायचाय. फक्त तोंडी नको, लेखी."

"म्हणजे?"

"म्हणजे वॉर्डातून टाइप केलं की खाली लाँड्रीत दिसलं पाहिजे. मला दोन महिने द्या. तोवर जेवायच्या सुट्टीत त्याच्या जोडीला मी थांबते."

अधीक्षकांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग कॅलेंडरवर एका तारखेला गोल केला. "ठीक आहे. दोन महिने. त्यापुढं मला सांगायला येऊ नका."

आता, हे काम मोबाइलवर झालं असतं, पण तळघरात रेंजचा पत्ता नव्हता. शिवाय रुग्णांविषयीचा एक शब्दही बाहेरच्या ॲपवरून जाता कामा नये असा हॉस्पिटलचा कडक नियम होता. पण प्रत्येक वॉर्डात एक संगणक होता आणि ते सगळे आतल्या आत एकमेकांना जोडलेले होते. लाँड्रीतही एक होता. त्याचा उपयोग आजवर फक्त रजेचे अर्ज भरण्यापुरता झाला होता.

ताई तशीच संगणक विभागात गेली. विभाग म्हणजे एक खोली आणि एक माणूस. त्या माणसाच्या टेबलावर कागदांचा एवढा ढीग होता की त्याचा चेहरा दिसायला तिला उभं राहावं लागलं.

"ताई, काम अवघड नाही," तो म्हणाला. "पण माझ्या यादीत तुमचा नंबर लागेपर्यंत पुढचं वर्ष संपेल."

"आणि मी स्वतः केलं तर?"

तो हसला. ती हसली नाही, तेव्हा त्यानं हसू आवरलं. "तुम्ही? बघा, करता येईलही. एक संगणक मध्ये बसवायचा, त्याला सर्व्हर म्हणतात. बाकीचे सगळे त्याच्याशी बोलणार, तो इकडचा निरोप तिकडे देणार. सर्व्हरची जागा मी देतो. अट एकच, काहीही बाहेर जाता कामा नये."

"शिकायला काय लागेल?"

"एक बरं पुस्तक आणि शाबूत डोकं."

"डोकं आहे. पुस्तक कुठलं?"

"ते तुम्हीच निवडा. मी ज्यावर शिकलो ती पुस्तकं आता रद्दीवालाही घेणार नाही."

त्याच संध्याकाळी घरी जाताना ताई चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात शिरली. दुकानदार कादंबऱ्यांतला दर्दी. संगणकाच्या कपाटाकडे तो पाहुण्यांच्या मुलांकडे बघावं तसा बघायचा. "त्यातलं मला ओ की ठो कळत नाही," त्यानं आधीच सांगून टाकलं. ताईनं कपाटावरून नजर फिरवली. एक जाडजूड, गुळगुळीत पुस्तक समोरच उभं होतं. 'सात दिवसांत स्वतःचा मेसेंजर', मुखपृष्ठावर हसरे चेहरे. तिनं ते उचललं आणि पाच मिनिटांत दुकानाबाहेर पडली.

घरी वन्सं होत्या. ताईची थोरली नणंद एका छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितशोधनाचं काम करून निवृत्त झाली होती आणि भावाकडेच राहत होती. भाऊ मालवाहू बोटीवर, वर्षातले आठ महिने पाण्यावर. त्यामुळे घरात खरा संसार या दोघींचाच होता. वन्संनी पुस्तक हातात घेतलं, पान उलटलं, आणि काही न बोलता परत दिलं. ताईला ते न बोलणं कळलं, पण तिनं मनावर घेतलं नाही.

पहिल्या दिवशी तिनं संगणकाच्या पडद्यावर स्वतःचं नाव उमटवून दाखवलं. दुसऱ्या दिवशी एक चौकट आणि एक बटण. चौथ्या दिवशी तिनं बैठकीतल्या संगणकावर 'चहा टाका' असं लिहिलं आणि स्वयंपाकघरात वन्संच्या फोनवर ते उमटलं.

"टाकला!" आतून वन्सं ओरडल्या. ताई खुर्चीतून उठून नाचायचीच बाकी होती.

पाचव्या दिवशी तिला शंका आली. चौथ्या धड्यात पुस्तकानं तिला कुठल्याशा कंपनीच्या सेवेत खातं उघडायला लावलं होतं. तिनं तो धडा पुन्हा, एकेक ओळ बोटाखाली घेऊन वाचला. मग उठून भिंतीवरची इंटरनेटची वायर काढली आणि पुन्हा लिहिलं, 'चहा टाका'. स्वयंपाकघरात काहीच आलं नाही. म्हणजे बैठकीतून स्वयंपाकघरात जायचा निरोप आधी घराबाहेर, कुठल्या तरी परक्या कंपनीत जाऊन येत होता. 'स्वतःचा' हा शब्द फक्त मुखपृष्ठावर होता.

"वन्सं, तुम्हाला हे पहिल्याच दिवशी कळलं होतं का?"

"मला संगणकातलं काय कळतंय? पण कव्हरवर जे ओरडून सांगतात ते आत शोधावं लागतं, एवढं माहीत आहे." वन्सं समोर येऊन बसल्या. "तू पुस्तक निवडलं नाहीस गं, पुस्तकानं तुला निवडलं. तुला त्याच्याकडून काय हवंय ते आधी कागदावर लिही. मग दुकानात जा, आणि पहिलं पान वाचू नकोस. पहिलं पान सगळेच नटवतात. मधोमध उघड."

ताईनं एका पुठ्ठ्यावर तीन प्रश्न लिहिले. एक, निरोप घराबाहेर न जाता पोचेल का? दोन, घेणारा जागेवर नसेल तर निरोप कुठं थांबेल? तीन, घेणाऱ्यानं तो पाहिला हे पाठवणाऱ्याला कसं कळेल? पुठ्ठा वाचून तिचं तिलाच बरं वाटलं. पाच दिवस वाया गेलेच नव्हते. त्या पाच दिवसांमुळेच तिला हे विचारता येत होतं.

सकाळी तिनं तो पुठ्ठा उस्तादला दाखवला. त्यानं वाचला, मान हलवली, खिशातून पेन्सिल काढली आणि खाली चौथी ओळ लिहिली: 'काहीतरी आलंय हे मला कसं कळणार?'

"पडद्यावर दिसेल की," ताईनं हातांनी सांगितलं.

उस्तादनं तिचा दंड धरून तिला रोलरपाशी नेलं आणि आपल्या जागी उभं केलं. समोर रोलर, हातात चादर. संगणक कुठं होता? बरोबर पाठीमागे. फोन होता तिथंच.

"सगळे प्रश्न तू पाठवणाऱ्याच्या बाजूचे लिहिलेस," तो हातांनी म्हणाला. "घेणारा मी आहे."

ताईला आपल्या चेहऱ्यावर ऊन आल्यासारखं झालं. बारा वर्षं ती या माणसाशी हातांनी बोलत होती, त्याच्यासाठी अधीक्षकांशी भांडून आली होती, आणि त्याला विचारायचं मात्र राहूनच गेलं होतं. "शनिवारी दुकानात तूही चल," ती म्हणाली.

शनिवारी तिघं मिळून गेले: ताई, उस्ताद आणि बोलावलं नसताना तयार होऊन दारात उभ्या राहिलेल्या वन्सं. दुकानदारानं पहिलं पुस्तक कुरकुर न करता परत घेतलं, कारण ताईनं त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं आणि कोपराही दुमडला नव्हता. मग त्यानं खिडकीजवळचं टेबल मोकळं करून दिलं. कपाटात या विषयाची म्हणावी अशी तीनच पुस्तकं उरली होती. तिन्ही टेबलावर आली.

पहिलं वजनालाच दोन ओल्या ब्लँकेटांइतकं होतं. वन्संनी मध्यावर उघडलं आणि पेन्सिल घेऊन काहीतरी मोजायला लागल्या.

"काय मोजताय?"

"'अर्थातच.' चार पानांत नऊ वेळा. 'अर्थातच वाचकाला ठाऊक असेल', 'अर्थातच हे उघड आहे.' अर्थातच म्हणणारा माणूस शिकवत नसतो, मिरवत असतो." त्यांनी पुस्तक मिटून बाजूला सारलं. दुकानदार कान देऊन ऐकत होता. त्यानं खुर्ची जवळ ओढली.

दुसरं पुस्तक देखणं होतं. सुबक छपाई, आकृत्या, शेवटी नीट सूची. ताईनं पुठ्ठा समोर ठेवला आणि सूचीतून एकेक प्रश्न शोधला. बाहेर न जाता? होय, पान त्रेचाळीस. घेणारा नसेल तर? रांगेत थांबतो, पान एकशे दोन. पाहिल्याची पावती? तीही होती.

"हेच," वन्सं म्हणाल्या. "साठ पानं चाळली, एक चूक नाही. ज्यानं हे तपासलं त्याला माझा नमस्कार."

उस्तादनं पुस्तक स्वतःकडे ओढलं. तो सावकाश वाचायचा, पण वाचलेलं त्याच्या डोक्यातून हलत नसे. रहस्यकथांतला खुनी तो पहिल्या पन्नास पानांत पकडायचा. त्यानं निरोप आल्याची सूचना देण्याविषयीचा भाग शोधला. दीड पान होतं. आवाजाची फाइल कशी जोडायची, आवाज लहानमोठा कसा करायचा, वेगवेगळ्या माणसांसाठी वेगवेगळी घंटी कशी ठेवायची. त्यानं ते दीड पान दोनदा वाचलं, पुस्तक हळूच मिटलं आणि ताईच्या बाजूला सरकवलं.

तिसरं पुस्तक राखाडी रंगाचं, बारीक, मुखपृष्ठावर चित्र नाही. नाव होतं 'निरोप एका संगणकाकडून दुसऱ्याकडे: पहिल्यापासून'. दुकानदार म्हणाला, "हे तीन वर्षं कुणी हातातसुद्धा घेतलं नाही." ताईनं मधोमध उघडलं आणि वाचायला लागली.

लिहिलं होतं, की नवशिक्याला वाटतं निरोप पाकिटासारखा जातो, एकेक वेगळा. तसं नाही. तो नळातल्या पाण्यासारखा जातो. पाठोपाठ सोडलेले दोन निरोप एकत्र मिसळून पोचतील, किंवा एकच अर्धा आत्ता आणि अर्धा नंतर येईल. कुठं एक संपला आणि दुसरा सुरू झाला हे नळ सांगणार नाही. तशी खूण तुम्हीच बांधून द्यायची.

"अगं बाई!" ताई एवढ्यांदा म्हणाली की दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळली. "हे तर गाठोड्यांचं झालं! दोन वॉर्डांची गाठोडी एकाच घसरगुंडीतून खाली येतात, गाठ सुटलेली असली की एकात एक मिसळतात. म्हणून तर आपण वॉर्डावॉर्डाला वेगळी दोरी दिली." तिनं उस्तादला हातांनी सगळं सांगितलं. तोही वाकून वाचायला लागला. संगणकाचं पुस्तक वाचताना आपल्याला काहीतरी आधीच माहीत होतं असं ताईला पहिल्यांदाच वाटलं.

पुढं नववा धडा होता. तो सुरू व्हायचा तोच असा: निरोप आल्याचं घेणाऱ्याला कसं कळवायचं हे ठरवण्याआधी त्याला जाऊन भेटा. तो पडद्यासमोर बसतो की पाठ करून उभा असतो? त्याच्या हातात काय असतं? त्याला ऐकू येतं का? आणि मग, निरोप आला की भिंतीवरचा दिवा लावणारा अख्खा प्रोग्राम, ओळीनं समजावून.

उस्तादनं ते पान वाचून झाल्यावर त्यावर तळहात ठेवला. चादर रोलरमध्ये सोडण्याआधी ठेवायचा तसा, सपाट, बोटं पसरून.

"थांबा, थांबा," वन्सं म्हणाल्या. त्यांची पेन्सिल मघापासून चालूच होती. "चाळीस पानांत अकरा चुका आहेत. ऱ्हस्वदीर्घाचं तर सोडूनच द्या. आणि हे बघ, इथं कंस उघडलाय तो बंदच केला नाही. असलं पुस्तक तुला प्रोग्राम शिकवणार? माझं ऐक, ते दुसरं घे. स्वच्छ आहे."

ताईनं दोन्ही पुस्तकं समोरासमोर ठेवली. वन्संचं मत तिनं कधी उडवून लावलं नव्हतं. घरात शेवटचा शब्द बहुधा त्यांचाच असायचा. पण ही निवड कपड्यांसारखी होती, ज्यानं घालायचे त्याच्या मापाचे घ्यायचे, आणि कपडे तिला कळत होते.

"वन्सं, त्या पुस्तकात चूक नाही, पण उस्तादही नाही," ती म्हणाली. "आणि चुकांचं काय एवढं? त्या काढायला तुम्ही आहात की घरात."

वन्संनी पेन्सिलीचं टोक तपासलं. "लाल घ्यावी लागेल," त्या म्हणाल्या. "आणि तो न मिटलेला कंस तुझ्या यंत्राला चालणार नाही ना?"

"अजिबात चालणार नाही."

"बघ. म्हणजे यंत्रालाही माझ्यासारखंच आहे." आणि त्या खूश झाल्या.

पुढचे सात आठवडे तिघांची शाळा भरली. जेवायच्या सुट्टीत ताई आणि उस्ताद लाँड्रीतल्या संगणकासमोर, रविवारी सकाळी घरी वन्संसह. वन्सं प्रोग्राममधलं काही समजून घ्यायच्या भानगडीत पडल्या नाहीत. त्या फक्त पुस्तकातली ओळ आणि पडद्यावरची ओळ ताडून पाहायच्या आणि "इथं अर्धविराम खाल्लास" असं म्हणायच्या. दहापैकी आठ वेळा तेवढ्यानंच गाडी सुरू व्हायची.

सगळं काही सुरळीत झालं असं नाही. पहिल्यांदा निरोप वर गेला तेव्हा ताईनं लिहिलेल्या 'नमस्कार'ऐवजी पलीकडे नुसती प्रश्नचिन्हं उमटली. पाठवणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं अक्षरांचा एकच तक्ता वापरायचा असतो, हे चौथ्या धड्यात होतं. ताईनं तो धडा सोपा वाटला म्हणून उडवला होता. तिनं तो मुकाट्यानं वाचला. एकदा 'बारा चादरी' आणि 'चार गाऊन' चिकटून आले, तेव्हा प्रत्येक निरोपाच्या शेवटी गाठ मारायची ती विसरली आहे हे उस्तादनं ओळखलं आणि बोटांनी दोरीची गाठ मारून दाखवली. हळूहळू तिला जाणवायला लागलं की चूक कुठं असेल याचा वास उस्तादला तिच्याआधी येतो. तिनं कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला. तिच्या दुप्पट वेगानं तो टाइप करायला शिकला.

दिवा हॉस्पिटलच्या वायरमननं लावून दिला. रोलरच्या बरोबर वर, डोळ्यांच्या रेषेत, पिवळा. तो कधी विझावा यावरून मात्र दोघांचा जोरदार वाद झाला. पुस्तकात होतं, की एक निरोप पाहिला की दिवा विझवा. उस्ताद म्हणाला, नाही. मी एक वाचतोय तेवढ्यात दुसरा आला असेल तर? सगळे वाचून होईपर्यंत तो विझता कामा नये. ताईला वाटलं हा उगाच काम वाढवतोय. पण दिव्याखाली त्याला उभं राहायचं होतं, तिला नव्हतं. दिव्याच्या त्या ओळी त्यानं स्वतः लिहिल्या.

कॅलेंडरवर गोल केलेल्या तारखेच्या चार दिवस आधी ताई अधीक्षकांच्या दारात उभी राहिली. "साहेब, बघायला चला."

अधीक्षक घड्याळ घेऊन खाली आले. त्यांच्यासोबत संगणकवालाही आला. ताईनं बाकीच्या सगळ्यांना बाहेर काढलं. आत उस्ताद एकटा, रोलर चालू. ती स्वतः काचेच्या दाराबाहेर अधीक्षकांच्या शेजारी थांबली. वर शस्त्रक्रिया विभागातल्या सिस्टरनं ठरलेल्या वेळी टाइप केलं.

पिवळा दिवा लागला. उस्तादनं हातातली चादर पुरती सोडली, रोलर थांबवला, वळला, पंधरा पावलांत संगणकापाशी गेला. वाचलं. 'पाहिलं' हे बटण दाबलं. अधीक्षक घड्याळाकडे बघत होते.

"दिवा विझला नाही," ते म्हणाले. "बिघडलं का काही?"

ताईनं काचेतून आत पाहिलं. उस्ताद पडद्यासमोरून हलला नव्हता. तो दुसरं काहीतरी वाचत होता. त्यानं पुन्हा बटण दाबलं, काहीतरी टाइप केलं, आणि मगच दिवा विझला. मग त्यानं चादरींचा गठ्ठा उचलला आणि काचेच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या तिघांकडे ढुंकूनही न बघता लिफ्टकडे निघून गेला.

अधीक्षक हसायला लागले. "मीच माझ्या कारकुनाला सांगून ठेवलं होतं. सिस्टरच्या निरोपाच्या पाठोपाठ माझ्या ऑफिसातून एक टाका म्हणून. म्हटलं, बघू या, दुसरा गडप होतो का."

"नाही होत," ताई म्हणाली. "ते उस्तादचं काम आहे."

तेवढ्यात कारकूनच जिन्यावरून धावत आला. त्यानं पाठवलेला निरोप होता 'साहेबांच्या खोलीतले पडदे धुवायला न्या', आणि त्याला उत्तर आलं होतं: 'शस्त्रक्रिया आधी. पडदे गुरुवारी.'

"बरोबर आहे," अधीक्षक म्हणाले. "गुरुवारी तर गुरुवारी." खिशात घड्याळ ठेवताना ते ताईला म्हणाले, "मी त्याला आवारात पाठवणार होतो." ताईनं त्यांना त्यावर आणखी काही बोलायला लावलं नाही.

महिनाभरात सगळे वॉर्ड त्यावर आले. आणि तेव्हा एक गोष्ट उघडकीला आली, जी फक्त लाँड्रीतल्या अकरा जणांना ठाऊक होती: उस्ताद भयंकर बोलका माणूस होता. एका सकाळी त्यानं सगळ्या वॉर्डांना एकदम लिहिलं: 'मळक्या चादरींत सेफ्टी पिना ठेवू नका. बारा वर्षांत माझ्या बोटांत एकोणतीस गेल्या. कालची प्रसूती विभागाची होती.' दहा मिनिटांत प्रसूती विभागाची माफी आली. दुपारी त्यानं पुरुषांच्या वॉर्डाला कळवलं की उशीच्या अभ्र्यात कुणाची तरी दातांची कवळी सापडली आहे, स्वच्छ धुतलेली आहे, इस्त्री केलेली नाही. संध्याकाळपर्यंत तो विनोद तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचला होता.

पुढच्या आठवड्यात मुलांच्या वॉर्डाची सिस्टर ताईला लिफ्टमध्ये भेटली. "ताई, तुमच्या त्या रोलरवाल्यांना जरा आवरा हो. काल मला चादरीची घडी कशी घालायची यावर बावीस ओळी लिहून पाठवल्यात."

"बावीस?"

"मोजल्या मी. आणि वर लिहिलंय, उरलेलं उद्या."

ताईनं लिफ्टचं दार धरून ठेवलं. "मग मला कशाला सांगताय?" ती म्हणाली. "त्याला लिहा की."